एक चौरस फूट

ज्या पानावर माझं घर चालतं, ते दिसायला तहसील कचेरीच्या भिंतीवर डकवलेल्या नोटिशीसारखं आहे. पांढऱ्यावर काळी अक्षरं, निळे फोन नंबर. वर माहूरचं नाव. त्याखाली गाडी कुठवर जाते, रेणुकामातेच्या गडावर, दत्तशिखराला नि अनसूयेच्या शिखराला जायची सोय काय, किनवट स्टेशनावर उतरलात तर पुढचे पन्नासेक किलोमीटर कसे यायचे, मुक्कामाला खोली कुठं मिळेल. फोटो एकच, तोही तळाला. माझा मावसभाऊ पुण्यात वेबसाइटी बनवतो. दर दिवाळीला म्हणतो, “दादा, फुकटात नवी करून देतो, पण हे काढ बुवा.” मी काढत नाही. पान टाइप मी केलं असलं तरी मांडलं दुसऱ्यानं, आणि त्या माणसानं आजवर कीबोर्डला बोट लावलेलं नाही.

माहुरात त्यांना सगळे पेंटर म्हणतात, मी पेंटरकाका म्हणतो. तालुक्यातल्या किती भिंती आणि पत्र्याच्या पाट्या त्यांच्या हातच्या, याचा हिशेब त्यांच्याजवळही नाही. पल्स पोलिओच्या तारखा, ग्रामपंचायतीच्या सुविचारांच्या भिंती, सोसायटीचे फलक, पूजासाहित्याची दुकानं, तांबूल कुटून देणाऱ्यांच्या टपऱ्या. आदिलाबादकडून येणाऱ्या भाविकांसाठी ते तेलुगू पाट्याही रंगवायचे. तेलुगू येत नव्हतं. कागदावर कुणी लिहून दिलं की अक्षर पाहून उतरवायचे. पत्र्याला आधी रेड ऑक्साइड, मग अस्तर, मग गेरू लावलेलं सूत ताणून झटका द्यायचा. शिरोरेघेची लाल रेघ उमटली की ब्रश उचलायच्या आधी ते रस्त्याच्या पलीकडं जाऊन उभे राहत आणि नुसत्या कोऱ्या पत्र्याकडं पाहत. लहानपणी आम्हाला वाटायचं, पेंटर कामचुकार आहे.

फ्लेक्स आला आणि पाट्यांचं काम बसलं. दोन दिवसांची पाटी दोन तासांत छापून मिळायला लागली, वर गिऱ्हाइकाचा फोटोही त्यात यायचा. माझं तेव्हा स्टँडाजवळ कॉम्प्युटरचं दुकान होतं. झेरॉक्स, लॅमिनेशन, सातबारा, परीक्षेचे फॉर्म, लग्नपत्रिकेचं टायपिंग. नांदेडला पाठवायच्या फ्लेक्सचं डिझाइनही मीच करायचो, म्हणजे काकांच्या पोटावर आलेल्या धंद्यात माझाही हात होता. तरी ते दुपारी माझ्याच दुकानात येऊन बसत. राग धरायला त्यांच्याकडं सवड नव्हती असं मी म्हणणार होतो, पण सवडच सवड होती. राग नव्हता एवढंच.

स्टँडाजवळचं दुकान म्हणून फोनवर नुसत्या चौकश्या यायच्या. वर गाडी जाते का? यात्रेत कुठं थांबवतात? पायऱ्या किती आहेत, आईचे गुडघे दुखतात. गावातल्या एका लॉजनं तेव्हा बाहेरून खर्च करून वेबसाइट करून घेतली होती. तिच्यात उघडताच समई तेवायची, आरती वाजायची आणि अक्षरं डावीकडून उजवीकडं पळायची. आमच्या डोंगरातल्या नेटवर्कवर ती उघडायचीच नाही. मालकानं ती दुकानात येऊन मला दाखवायचा प्रयत्न केला. समई अर्धी दिसली. ते गेल्यावर मी काकांना म्हणालो, “आपणच एक पान करू, सगळ्या गावाचं.”

त्यांनी फरशीवर खडूनं चौकोन काढला. मी वर देवीचा मोठा फोटो सांगायला लागलो, तर म्हणाले, “थांब. वाचणारा कुठं बसलाय?”

एवढा एकच प्रश्न. पुढचं सगळं त्याच्यातूनच निघालं. वाचणारा एस.टी.त बसलाय, उमरखेडच्या पुढं आलाय. मांडीवर पोर, हातात साधा फोन, रेंजची एखादी काडी. सोबत म्हातारी आई, आणि उतरल्यावर काय करायचं हे त्याला कंडक्टरला विचारायचं नाहीये. त्याला माहूरची महती सांगायची गरज नाही. महती ठाऊक आहे म्हणून तर तो निघालाय. साडेतीन पीठांतलं हे एक पीठ, दत्तप्रभू निद्रेला इथं येतात, हे त्याला त्याच्या आजीनं सांगितलेलं असतं. गाडी कुठवर जाते, हे आजीला माहीत नसतं.

काकांनी चौकोनात पाच ओळी आखल्या आणि उरलेली जागा तशीच सोडली. मी म्हटलं, खाली एवढी मोकळी आहे. ते म्हणाले, “ती मोकळी नाही, ती वरच्या अक्षराची आहे.”

आता यातला हिशेब सांगतो, कारण काकांना जे डोळ्यानं कळत होतं ते मला आकड्यांनी कळलं. त्या काळच्या २जीवर आमच्याकडं सेकंदाला शंभर किलोबिट मिळाले तरी नशीब. २०१६च्या सुमारास जगातल्या सरासरी वेबपानाचं वजन दोन एमबीच्या वर गेलं होतं. १९९३ सालच्या ‘डूम’ या अख्ख्या व्हिडिओगेमएवढं, अशी तेव्हा चेष्टा व्हायची. दोन एमबी म्हणजे एक कोटी साठ लाख बिट. शंभर किलोबिटच्या वेगानं ते उतरायला अडीच मिनिटांवर लागतात, तेही मध्ये घाट आला नाही तर. आमचं पान चाळीस केबीचं, म्हणजे तीन-साडेतीन सेकंद. ही बचत मी काही हुशारीनं केली नव्हती. पाच ओळी आणि कोरी जागा यांना वजनच नसतं.

देवनागरीचं मात्र वेगळं दुखणं होतं. दुकानातलं सगळं टायपिंग श्री-लिपीत. ते तसंच उचलून नेटवर टाकलं की नुसता चिखल दिसायचा. म्हणून सगळं युनिकोडमध्ये नव्यानं टाइप केलं. सुंदर फॉन्ट पानासोबत पाठवायचा मोह होता, पण जोडाक्षरांमुळं देवनागरी फॉन्टची फाइल इंग्रजीच्या कितीतरी पट जड होते. एका फॉन्टचं वजन अख्ख्या पानाहून जास्त भरत होतं. मग ठरवलं, ज्याच्या फोनात जो फॉन्ट असेल तो. काकांना हे मुळीच पटलं नाही. आयुष्यभर अक्षराला वळण दिलेला माणूस, आणि मी सांगतोय की तुमचं अक्षर प्रत्येकाच्या हातात निराळं दिसेल. बराच वेळ गप्प बसून म्हणाले, “बरं. अंतर तरी आपलं राहील ना?” दोन ओळींतलं अंतर आपलं राहील, म्हणालो. तेवढ्यावर मिटलं.

त्यांचं सगळंच बरोबर होतं असं नाही. त्यांना काळ्यावर पिवळी अक्षरं हवी होती, कारण रस्त्यावर तीच लांबून दिसतात. फोनवर उन्हात काळ्या काचेत वाचणाऱ्याला स्वतःचंच तोंड दिसतं. शेवटी पांढरं ठेवलं. फोटो तर त्यांना एकही नको होता. तिथं माझी बायको आडवी आली. तिचं म्हणणं, देवीचा फोटो नको, पायऱ्यांचा हवा. गुडघेदुखीच्या बाईला एकदा पाहू दे काय आहे ते. तळाला आहे तो फोटो पायऱ्यांचा. इतक्या वर्षांत पानावरच्या कुठल्याही गोष्टीबद्दल आलं नसेल एवढं कौतुक त्याबद्दल आलं, तेव्हा याचं ऋण घरात आहे, हेही इथंच नोंदवून ठेवतो.

पान पुरं झाल्यावर मी काकांना मजुरी विचारली. नको म्हणतील, मग मी आग्रह करीन, असं मनात होतं. त्यांनी पिशवीतून टेप काढला आणि माझा सतरा इंची मॉनिटर मापला. आडवा साडेतेरा इंचांच्या थोडा वर, उभा दहाच्या थोडा वर. मनातल्या मनात गुणाकार केला. “फुटाला जरा कमी भरतं. पूर्ण फूट धर,” म्हणाले, आणि चौरस फुटाला पाटीचा जो दर होता तो घेतला. पैसा कमी नाही, पैसा जास्त नाही. त्याच फुटावर माझं घर आजही चालतं.

पैसे यायला लागले ते जाहिरातींतून नाही. लॉजवाले आणि जीपवाले दुकानात यायला लागले, कारण पान वाचून त्यांना फोन जात होते. नंबरावर बोट ठेवलं की थेट कॉल लागायचा. बरेच जण तर मिस्ड कॉल देऊन मोकळे, मग लॉजवालाच उलटा फोन करायचा. मी प्रत्येकाकडून ओळीचं वर्षाचं भाडं घ्यायला लागलो. एका लॉजला एक ओळ: नाव, स्टँडापासूनचं अंतर, गरम पाणी आहे की नाही, फोन. सगळ्यांची अक्षरं एका मापाची, क्रम अंतराप्रमाणे.

अर्थात लगेच एकजण दुप्पट भाडं घेऊन आला. त्याची ओळ लाल हवी होती आणि लुकलुकायला हवी होती. मला पैशाची गरज होती, थापा कशाला मारू. काका कोपऱ्यात बसले होते. ते त्यालाच म्हणाले, “मालक, तुमची लुकलुकली की बाकीचे उद्या लुकलुकणार. मग तुम्ही परवा कायले पैसे देणार?” मालक हसला आणि साध्या दरानं पावती फाडून गेला. पुढं वाचलं की यावर अभ्यास झालेले आहेत. जे जाहिरातीसारखं दिसतं त्यावरून वाचणाऱ्याची नजर घसरते, याला १९९८ सालीच संशोधकांनी नाव देऊन ठेवलं होतं. पण तोवर आमच्या मालकांच्या पावत्या फाटून झाल्या होत्या.

मावसभावाशी वाद घालण्यापुरतं मी बाहेरच्या जगातलंही गोळा करून ठेवलं आहे. गूगलच्या मरिसा मेयर यांनी २००६ मध्ये सांगितलेली गोष्ट: लोकांनी जास्त निकाल मागितले म्हणून काहींना एका पानावर दहाऐवजी तीस दिले. पान ०.४ सेकंदाऐवजी ०.९ सेकंदात यायला लागलं आणि त्या गटातला वापर वीस टक्क्यांनी पडला. अर्ध्या सेकंदासाठी! दुसरी गोष्ट कॅनडातल्या मार्कस फ्रिंडची. त्यानं २००३ मध्ये एकट्यानं ‘प्लेंटी ऑफ फिश’ नावाची जुळवाजुळवीची साइट काढली. दिसायला इतकी ओबडधोबड की डिझाइनवाले नाकं मुरडायचे. २००६ मध्ये त्यानं गूगलकडून आलेला जाहिरातींचा चेक लोकांना दाखवला. दोन महिन्यांचे सुमारे नऊ लाख कॅनेडियन डॉलर. २०१५ मध्ये ती साइट ५७.५ कोटी डॉलरना विकली गेली. मावसभाऊ म्हणतो, “ती साधी होती म्हणून चालली नाही, फुकट होती म्हणून चालली.” त्याचं खोटं नाही. मी स्वतः सणांच्या शुभेच्छांचं एक पान इतकंच साधं करून पाहिलंय. त्याच्याकडं कुणी ढुंकून पाहिलं नाही, कारण कुणाचं काहीच त्याच्यावाचून अडलं नव्हतं.

साधेपणाचा दुसरा धोका खरा आहे आणि तो आम्हाला चांगलाच जाणवला. पुण्या-मुंबईचा माणूस फोनवर पहिलं विचारायचा, “हे खरं आहे ना?” त्यांची चूक नव्हती. देवस्थानांच्या नावानं खोल्यांचे आगाऊ पैसे उकळणाऱ्या खोट्या साइटी निघालेल्याच आहेत. स्टॅनफर्डच्या बी. जे. फॉग यांनी २००२ मध्ये अडीच हजारांवर लोकांना वेबसाइटींच्या विश्वासार्हतेबद्दल विचारलं, तेव्हा जवळपास निम्म्या शेऱ्यांमध्ये साइट दिसते कशी याचाच उल्लेख होता. म्हणजे नोटिशीसारखं पान वाचलं जाईल, पण पैसे द्यायला हात कचरेल.

यावरचा उपायही पाटीवरूनच आला. प्रत्येक पाटीच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात काका बारीक अक्षरात आपलं नाव घालत. मोबदला मिळो न मिळो, नाव जायचंच. अक्षर वाकडं गेलं तर लोकांनी कुणाला पकडायचं? त्यांनी पानाच्या खालच्या कोपऱ्यात माझं नाव, दुकानाचा पत्ता आणि उघडं असण्याची वेळ घालायला लावली. आणि खाली एक ओळ: आम्ही आगाऊ पैसे घेत नाही. ही ओळ धंद्याला मारक ठरेल असं मला वाटलं होतं. पण ती वाचूनच लोक लॉजला फोन करायला लागले.

पुढं कुणीतरी सल्ला दिला की येणाऱ्याकडून आधी नाव, गाव, ईमेल भरून घ्या. यादी जमते, विकता येते. काका म्हणाले, “पाटी वाचायला पावती फाडायची का?” मला तेव्हा जेरेड स्पूल या माणसाचा लेख सापडला होता. एका मोठ्या विक्रीच्या साइटवर खरेदीआधी ‘नोंदणी करा’ असं बटण होतं. ते काढून ‘पुढे चला’ केलं, नोंदणीची सक्ती नाही असं सांगितलं, आणि खरेदी करणारे ४५ टक्क्यांनी वाढले. पहिल्याच वर्षी तीस कोटी डॉलर जास्त. मी काकांना हे वाचून दाखवलं. तीस कोटी डॉलर म्हणजे किती, हे त्यांनी विचारलं नाही. बटण बदलणाऱ्याला मजुरी किती मिळाली, ते विचारलं.

जाहिराती आल्या त्या उशिरा. गूगलच्या जाहिरात योजनेत हिंदीला २०१४च्या डिसेंबरात जागा मिळाली, मराठीला त्यानंतर काही वर्षांनी. दहा डॉलर जमले की पत्ता तपासायला ते पोस्टानं एक पिन पाठवतात. तो पिन घेऊन पोस्टमन दुकानात आला तेव्हा पाकिटावर परदेशी शिक्के पाहून त्याला वाटलं, मला नोकरी लागली. मराठी पानावरच्या क्लिकला मिळणारं मोल इंग्रजीच्या मानानं फारच थोडं. शिवाय जाहिरातीसोबत येणारा कोडच आमच्या अख्ख्या पानाहून जड. मग पहिल्या पानावर जाहिरात घालायचीच नाही असं ठरलं. माहूरचा किल्ला, पांडवलेणी, मातृतीर्थ, उनकेश्वरची गरम पाण्याची कुंडं, ही माहिती लोक दर्शन करून लॉजवर पाय पसरल्यावर वाचतात. जाहिराती तिथं, आतल्या पानांवर. ज्याला गाडी पकडायची आहे त्याच्या वाटेत दुकान मांडायचं नाही. यानं माझं उत्पन्न किती बुडालं हे मी मोजलेलं नाही. एप्रिल २०१५मध्ये फोनवर नीट न दिसणारी पानं गूगल शोधात मागं ढकलायला लागलं आणि जुलै २०१८पासून फोनवरच्या शोधात वेगही धरायला लागलं, तेव्हा आमचं पान काही न करता वर सरकलं, हे मात्र खरं.

मार्च २०२०मध्ये मंदिरं बंद झाली. लॉज रिकामे, जीपा उभ्या. मी पानावर बंदची सूचना लिहायला बसलो. शासनाचा आदेश, तारीख, भाविकांना विनंती, सगळं घालून परिच्छेदभर झालं. काकांना फोनवर वाचून दाखवलं. ते म्हणाले, “सगळं पुस. नुसतं लिही: मंदिर बंद आहे.” कोऱ्या पानावर मोठ्या अक्षरांत तीन शब्द. बाकी ओळी काढल्या, भाडंही घेतलं नाही. ज्याच्यात विकायला काहीच नव्हतं ते पान त्या दिवसांत लोक उघडत राहिले, नवरात्रात तर फारच. नुसतं ‘बंद’ आहे की ‘उघडं’ हे पाहायला. १६ नोव्हेंबर २०२०ला, पाडव्याला, ‘उघडं’ केलं. पुढच्या वसंतात परत ‘बंद’. ७ ऑक्टोबर २०२१ला, घटस्थापनेच्या पहाटे, पुन्हा ‘उघडं’. त्या आठवड्यात लॉजवाले एकेक करून दुकानात आले आणि भाडं ठेवून गेले, दर किती झाला हे न विचारता.

काका आता पुसदला लेकीकडं असतात. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. डोळे बरे झाल्यावर पहिली तक्रार त्यांनी माझ्या पानाबद्दलच केली: अक्षर बारीक आहे. मी वाढवलं. लॉजच्या तीन ओळी आता पडद्याखाली जातात, तर ज्यांच्या गेल्या ते माझ्यावर नाराज आहेत. मजुरीचा प्रश्न काढला की काका विचारतात, फोनचा पडदा किती इंची. मी सांगतो. “मग तर तुझंच माझ्याकडं निघतं,” म्हणतात.

दर नवरात्राआधी मी त्यांना फोनवर अख्खं पान वाचून दाखवतो. यंदा वर एक ओळ नवी घातली होती: माहूर नगरीत आपले सहर्ष स्वागत आहे.

“हे कोण म्हणतंय?” पलीकडून आवाज आला.

“म्हणजे... आपण. गावातर्फे.”

“त्याच्या आईच्या गुडघ्याला त्याचा काय उपयोग?”

मी ओळ खोडली आणि पुढं वाचायला लागलो. यात्रेत खासगी गाड्या खाली थांबतात, वर एस.टी. जाते. तिथं त्यांनी पुन्हा थांबवलं. खाली म्हणजे नेमकं कुठं, ते लिही म्हणाले.